तंबाखू थुंकली, निकोटिन कुठं गेलं?

मागच्या एका अंकात चुन्याबद्दल ओझरतं लिहिलं होतं की चुना नसता तर तंबाखू माणसाला एवढी लागली नसती. त्यावर पारोळ्यापासून नवापूरपर्यंतची पत्रं आली. त्यातली काही इथं घेतली आहेत. एक आधीच सांगते : मी डॉक्टर नव्हे, औषधशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे 'कुठली गोळी घेऊ' याचं उत्तर माझ्याकडे मागू नका. शरीरात शिरलेला पदार्थ कुठं कुठं जातो, त्याची मोडतोड कोण करतं आणि तो कधी बाहेर पडतो, हे मात्र हवं तितकं विचारा.

जेवण झालं की तंबाखू मळतो, चुना लावून गोळी दाढेखाली धरतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी थुंकून टाकतो. गिळत नाही. पोटात काहीच जात नाही तर अंगाला काय लागणार? माझा मित्र बिड्या ओढतो, त्याच्यापेक्षा मी बरा ना? आणि चुन्याशिवाय ती लागत का नाही?
— शेतकरी, वय 54, पारोळा

आप्पा, तुम्ही ज्याला बचाव समजताय तीच निकोटिनची सोयीची वाट आहे. गिळली असतीत तर उलट निम्म्याहून जास्त निकोटिन वाया गेलं असतं. (म्हणून गिळू नका. पोट ढवळून निघेल आणि तंबाखूतलं बाकीचं विषही आत जाईल.)

माती परीक्षणाच्या कागदावर तुम्ही सामू बघता. 7 च्या खाली आम्ल, वर अल्क. आपली काळी जमीन बहुधा 8 च्या आसपास असते. निकोटिनची बरीचशी गोष्ट या एका आकड्यात आहे. त्याचे रेणू दोन रूपांत असतात, एक विद्युतभार असलेलं आणि एक बिनभाराचं. आपल्या पेशींचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून बिनभाराचं रूप सहज पलीकडे जातं, भारवालं अलीकडेच अडकतं. सामू 8 असला तर दोन्ही रूपं निम्मी-निम्मी. 6 असला तर शंभरात जेमतेम एक रेणू बिनभाराचा. 9 वर गेला की शंभरातले नव्वद. तळहातावर अंगठ्यानं चुना रगडताना तुम्ही नेमकं हेच करता, सामू वर नेता. आधी अडकून राहणारं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून रक्तात उतरतं. चुना ते अस्तर भाजून सोलतो ही आणखी एक सोय. तुमच्या आजोबांना सामू ठाऊक नव्हता, पण चुनाळ्यातला चुना किती घ्यायचा हे त्यांचं बोट बरोबर ओळखायचं.

आता रक्तात शिरल्यावर. तोंडातून शोषलेलं निकोटिन शिरांमधून हृदयाकडे, तिथून फुप्फुसांत, परत हृदयात आणि मग अंगभर जातं. वाटेत यकृत लागत नाही. आतड्यातून शोषलेल्या पदार्थांचं तसं नसतं, त्यांना आधी यकृतातून जावं लागतं. तो शरीराचा जकात नाका समजा. गिळलेल्या निकोटिनपैकी 20 ते 45 टक्केच या नाक्यापलीकडे शाबूत पोचतं. दाढेखालची गोळी नाका चुकवून जाते, बिडीचा धूरही चुकवून जातो.

बिडीवाल्या मित्राशी तुलना करायचीच तर अशी करा. झुरका घेतल्यावर निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं, कारण फुप्फुसाचं अस्तर पसरून ठेवलं तर अंगणभर होईल एवढं आणि पलीकडे रक्त तयारच. तुमच्या गोळीतलं निकोटिन हळू चढतं, अर्ध्या तासाच्या सुमाराला शिखरावर जातं आणि गोळी थुंकल्यावरही बराच वेळ तिथं रेंगाळतं, कारण अस्तरात मुरलेलं आणि गिळलेल्या लाळेतलं मागून येत राहतं. एका सिगारेटमधून साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन अंगात शिरतं. तोंडात अर्धा तास धरलेल्या तंबाखूतून त्याच्या दुप्पट-तिप्पट शिरल्याचं मोजलेलं आहे. झटका कमी, माल जास्त. मित्र फुप्फुस जाळतोय, तुम्ही गाल. यात 'बरा' कोण, हे मी ठरवणार नाही.

अंगभर म्हणजे कुठं, हेही विचारून ठेवतो असं तुम्ही तळटीपेत लिहिलंय. निकोटिन रक्तातल्या प्रथिनांना फारसं चिकटत नाही, 5 टक्क्यांहून कमी. म्हणून ते रक्तात बसून न राहता भराभर पेशींत जातं. यकृत, मूत्रपिंडं, प्लीहा, फुप्फुसं आणि मेंदू यांत भरपूर; चरबीत सगळ्यांत कमी. 'तंबाखू चरबीत साठते, म्हणून घाम काढला की निघून जाते' असं व्यायामशाळेतली पोरं सांगतात, त्यात तथ्य नाही. मजेची गोष्ट अशी की जठरातल्या आम्लात आणि लाळेत ते रक्तातूनच परत झिरपतं. आम्लात गेलं की भार घेतं आणि तिथंच अडकतं. मग आतड्यात उतरून पुन्हा शोषलं जातं, या वेळी मात्र नाक्यावरून.

मोडतोड यकृतात होते. सीवायपी-2ए6 नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे, ते निकोटिनवर पहिला हात टाकतं. अल्डिहाइड ऑक्सिडेज नावाचं दुसरं विकर काम पुरं करतं आणि कोटिनिन तयार होतं. निकोटिनचा 70 ते 80 टक्के भाग या वाटेनं जातो. कोटिनिनला नशा जवळजवळ नाही. त्याचंही पुढं रूपांतर होतं, मुख्यतः हायड्रॉक्सिकोटिनिनमध्ये, आणि लघवीत सगळ्यांत जास्त तेच सापडतं. निकोटिनपैकी साधारण 8 ते 10 टक्केच जसंच्या तसं लघवीतून जातं. हे सगळं वेगानं चालतं : रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री दहाला शेवटची गोळी थुंकली, सकाळी सहाला उठलात, तर सोळावा हिस्सा उरलेला असतो. डोळे उघडल्याबरोबर हात चंचीकडे जातो तो याच हिशेबानं.

माझ्या मते तंबाखू न सुटण्याचं कारण इथं आहे. लोक म्हणतात ती अंगात साठते म्हणून सुटत नाही. निकोटिन अंगात साठत नाही, भराभर निघून जातं, म्हणून पुन्हा पुन्हा भरावं लागतं. वडील जिनिंगमध्ये दिवाणजी होते, कंबरेला कायम चंची. मी टोकलं की म्हणायचे, "इतलीशी तंबाखूघाई काय व्हस वं माय?" (एवढ्याशा तंबाखूनं काय होतं गं?) इतलीशी खरीच, पण दिवसातून कितीदा ते कधी मोजायचे नाहीत.

जेवणानंतरच का, याला सवय हे मोठं कारण आहेच. पण जेवण झाल्यावर यकृताकडे जाणारं रक्त वाढतं आणि निकोटिन निकामी होण्याचा वेगही वाढतो. सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्याचं प्रयोगात दिसलं आहे. तुमच्या जेवणानंतरच्या तलफेत यकृताचाही थोडा हात असावा.

आणि तुमच्या भावकीत कोणी दिवसातून दोनदाच खाऊन समाधानी असेल, तर त्याचं कौतुक बेतानंच करा. सीवायपी-2ए6 प्रत्येकात सारखं नसतं. काहींत ते जन्मतः मंद असतं, निकोटिन हळू मोडतं, एक गोळी लांबपर्यंत पुरते. ज्यांचं विकर चपळ, त्यांना जास्त लागते आणि सोडणंही जड जातं. म्हणजे दर वेळी निश्चयालाच दोष देऊ नये.

भरिताच्या वांग्यात निकोटिन असतं, असा संदेश मोबाइलवर फिरतोय. आमच्याकडे हिवाळाभर भरीत असतं, मुलंही खातात. बंद करायचं का?
— गृहिणी, यावल

असतं, खरंच असतं. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि तंबाखू ही एकाच कुळातली भावंडं. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत वांग्यात किलोमागे सुमारे 100 मायक्रोग्रॅम निकोटिन सापडलं होतं. म्हणजे एका सिगारेटमधून अंगात जातं तेवढं मिळवायला 10 किलो वांगी भाजावी लागतील, आणि ती गिळल्यावर यकृत त्यातलं निम्म्याहून जास्त आधीच मोडणार. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते चवीसाठी. भरिताची चिंता करायचीच तर वर ओतलेल्या तेलाची करा. आणि शेतातल्या भरीत पार्टीत जेवणानंतर फिरणाऱ्या पुडीची.

विम्यासाठी रक्त-लघवी तपासणार आहेत, त्यात कोटिनिन असतं म्हणे. मी पुडी खातो. किती दिवस आधी बंद करू? रोज चार-पाच ग्लास लिंबूपाणी प्यायल्यावर लवकर निघून जाईल का? कोणी ताकही सांगितलंय.
— खासगी नोकरी, वय 31, भुसावळ

भाऊ, तपासणीवाले निकोटिनऐवजी कोटिनिन का शोधतात ते आधी समजून घ्या. निकोटिन दोन तासांत निम्मं होतं, आज खाल्लं ते उद्या सापडेलच असं नाही. कोटिनिनला निम्मं व्हायला 16 तासांच्या आसपास लागतात. तुमच्या रक्तात ते मिलिलिटरमागे 256 नॅनोग्रॅम आहे असं धरा, रोज खाणाऱ्यात ते 200-300 असतंच. आज बंद केलंत तर 16 तासांनी 128, मग 64, 32, 16 आणि 80 तासांनी 8. लघवीत त्याचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून तिथं ते आणखी काही दिवस दिसतं. यकृताचा वेग मंद असला तर हिशेब लांबतो.

लिंबूपाण्याची गंमत वेगळीच आहे. लघवी आम्ल असली तर निकोटिन लवकर बाहेर पडतं, हे खरं. हे कोणीतरी अर्धवट वाचलं आणि आम्ल म्हणजे लिंबू असं जुळवलं. पण लिंबातलं सायट्रेट शरीरात जळून त्याचं बायकार्बोनेट होतं आणि लघवी उलट अल्कधर्मी व्हायला लागते. शिवाय त्या वाटेनं जाणारं निकोटिन मुळात थोडं, आणि कोटिनिनला लघवीच्या सामूचा फारसा फरकच पडत नाही. घडाघडा पाणी प्यायल्यानं लघवी पातळ होते एवढंच. प्रयोगशाळा क्रिएटिनिन मोजून तो पातळपणा ओळखते. ताकाबद्दल म्हणाल तर जिरेपूड घालून प्या, छान लागतं. कोटिनिनशी त्याचा संबंध नाही.

घरात दुसरं कोणी ओढतं म्हणून तुमचं कोटिनिन वाढलं, असंही सांगता येत नाही. दुसऱ्याच्या धुरानं ते बहुतेक वेळा 10 नॅनोग्रॅमच्या खालीच राहतं. निकोटिनचा गम किंवा चिकटपट्टी वापरत असाल तर मात्र कोटिनिन येणारच. तंबाखू की औषध हा फरक करायचा झाला तर अॅनाबेसिन शोधतात. ते तंबाखूच्या पानात असतं, औषधी गममध्ये नसतं.

तुम्ही न विचारलेलं एक सांगते. तपासणीपुरतं चार दिवस थांबून अर्जावर 'तंबाखू नाही' लिहिलंत, तर हप्ता वाचेल. पुढं कधी दावा करायची वेळ आली आणि दवाखान्याच्या कागदावर 'तंबाखूचे व्यसन' असं लिहिलेलं निघालं, तर घरच्यांचे पैसे अडकू शकतात. खरं लिहा आणि हप्ता भरा.

बाळ दीड महिन्याचं आहे, अंगावर पितं. सासूबाई म्हणतात मिसरी लावल्यानं दात-हिरड्या पक्क्या होतात, बाळंतिणीनं तर लावावीच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली असते, मग त्यात तंबाखूचं काय उरतं? दुधातून बाळाला जात असेल का?
— शिरपूर तालुका

ताई, भाजून तंबाखू काळी होते, निकोटिन सगळं जात नाही. पुरेसं मागं उरतं, म्हणून तर मिसरी सकाळी लावल्याशिवाय सासूबाईंना चैन पडत नाही. दात पक्के होत असते तर हे चैन न पडणं कशाला आलं असतं?

दुधात जातं. आईचं दूध रक्तापेक्षा किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं, आणि वर पारोळ्याच्या आप्पांना सांगितलं तसं, आम्लाच्या बाजूला गेलेलं निकोटिन भार घेऊन अडकतं. म्हणून दुधातलं प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा दोन-तीन पट जास्त भरतं. तुमच्या रक्तातून ते दोन तासांत निम्मं होतं. नवजात बाळाचं यकृत अजून कामाला लागलेलं नसतं, त्याला निम्मं करायला 11 तासांच्या आसपास लागतात. तुम्ही दिवसातून दोनदा मिसरी लावलीत तर तुमचं उतरतं, बाळाचं एकावर एक चढत जातं. बाळ चिडचिडं होणं, नीट न झोपणं, नीट न पिणं यामागे हेही असू शकतं.

गरोदरपणात तुम्ही लावत होतात की नाही ते लिहिलेलं नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. निकोटिन वारेतून सहज पलीकडे जातं, गर्भाच्या रक्तात आईइतकंच किंवा थोडं जास्तच भरतं. त्या दिवसांत आईचं यकृत निकोटिन दीडपटीहून वेगानं मोडतं, कोटिनिन तर दुपटीहून वेगानं. म्हणजे तलफ लवकर येते आणि डबी लवकर उघडते. 'दिवस गेल्यावर मिसरी वाढली' असं बायका सांगतात, त्याला आधार आहे.

दूध बंद करू नका. दूध चालू ठेवा, मिसरी बंद करा. एका दिवसात नाही जमलं तर निदान बाळाला पाजून झाल्यावर लावा, आधी नको. पुढच्या पाजण्यापर्यंत जितका वेळ जाईल तितकं बरं. हे कायमचं उत्तर नव्हे, सुटेपर्यंतची सोय. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा लसीकरणाला गेल्यावर सिस्टरकडून सांगवा. सुनेचं ऐकायचं नाही आणि सिस्टरचं ऐकायचं, ही रीत तुमच्या घरात असेलच.

मी तंबाखूला शिवत नाही. कपाशीवर मावा-तुडतुडे आले म्हणून आधी घरी अग्निअस्त्र करून फवारलं. चार दिवसांनी इमिडाक्लोप्रिड फवारलं. पहिल्या वेळी दुपारी गरगरलं, उलट्या झाल्या, घाम सुटला. दुसऱ्या वेळी डोकं जड झालं एवढंच. सेंद्रिय औषधानं जास्त त्रास कसा? एक जण म्हणाला दोन्हींत निकोटिनच आहे.
— कापूस उत्पादक, वय 38, चोपडा तालुका

दादा, पहिल्या वेळी तुम्ही दवाखान्यात जायला हवं होतं. गेला नाहीत असं पत्रावरून दिसतं.

अग्निअस्त्र म्हणजे गोमूत्रात कडुनिंबाचा पाला, हिरवी मिरची, लसूण आणि तंबाखू उकळून केलेला अर्क. सेंद्रिय आहे, पण निकोटिनही सेंद्रियच आहे आणि ते जुन्या काळापासून कीटकनाशक म्हणून वापरात होतं. हायडलबर्गला पोसेल्ट आणि राइमान यांनी 1828 मध्ये ते तंबाखूतून वेगळं काढलं, तेव्हाच त्याला विष म्हटलं. आता तुमच्या पिंपातला अर्क बघा. साठवलेल्या गोमूत्रात अमोनिया तयार होतो, सामू वर जातो, निकोटिन बिनभाराचं होतं. चुन्यानं तोंडात होतं तेच. असा अर्क पाठीवरच्या पंपातून ठिबकून शर्टात मुरला, दुपारचं ऊन, घामानं फुगलेली कातडी, की निकोटिन कातडीतून सरळ रक्तात. इथंही यकृताचा नाका वाटेत नाही. औषधी चिकटपट्टी याच गुणावर चालते, फक्त तिथं मात्रा मोजलेली असते आणि तुमच्या शर्टावरची कोणी मोजलेली नसते. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना अशीच मळमळ, उलट्या, गरगर होते; त्या आजाराला जगभर 'हरित तंबाखू आजार' म्हणतात. रोज तंबाखू खाणाऱ्याला बहुधा एवढा त्रास झाला नसता. तुम्ही शिवत नाही, म्हणून शरीराला सवय नाही, म्हणून जास्त लागलं. चांगल्या माणसाला शिक्षा म्हणतात ती ही.

इमिडाक्लोप्रिड 1990 च्या दशकात बाजारात आलं. त्याच्या गटाला निओनिकोटिनॉइड म्हणतात, म्हणजे निकोटिनच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेलं. अॅसिटाइलकोलिन नावाच्या निरोप्याला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) मज्जातंतूंवर असतात, त्यांतल्या एका जातीवर निकोटिन बसतं. तिथंच हेही बसतं. फरक असा की आपल्या ग्राहकाला निकोटिनचं भार असलेलं रूप पटतं, इमिडाक्लोप्रिडला आपल्या रक्तात तसा भार नसतो. किडीच्या ग्राहकाला मात्र ते घट्ट पटतं. म्हणून मावा मरतो आणि तुमचं डोकं जड होण्यावर भागतं. भागतंच असं नाही. पोटात गेलं तर माणसंही दगावली आहेत. मधमाश्यांना ते माव्याइतकंच पटतं, युरोपीय संघानं 2018 मध्ये उघड्या शेतातला त्याचा वापर त्यापायी बंद केला.

मोडतोडही वेगळी. निकोटिनचं काम सीवायपी-2ए6 बघतं, इमिडाक्लोप्रिडचं मुख्यतः सीवायपी-3ए4. अल्डिहाइड ऑक्सिडेज दोन्हीकडे हजर असतं, पण इथं त्याच्या हातून निघालेला एक पदार्थ आपल्या ग्राहकांवर मूळ औषधापेक्षा घट्ट बसतो. मोडल्यावर विष सौम्यच होतं असा नियम नाही. बाकीचं 6-क्लोरोनिकोटिनिक आम्लाच्या वाटेनं लघवीत उतरतं. उंदरांवरच्या मोजणीत दोन दिवसांत 90 टक्क्यांहून अधिक बाहेर पडलेलं दिसतं. त्यातून कोटिनिन तयार होत नाही, तेव्हा भुसावळच्या भाऊंनी हेही कारण पुढं करू नये.

आता शेतातलं. पंपाचा गळका वायसर बदला. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुना टूथब्रश बरोबर ठेवा. वारा पाठीमागून घ्या, सकाळी फवारा. अंगावर उडालं तर बांधावरच शर्ट काढून साबणानं धुवा, संध्याकाळच्या अंघोळीची वाट बघू नका. बियाण्याच्या पाकिटातलं रंगीत सरकीबीसुद्धा बहुधा याच गटातलं औषध चोळलेलं असतं, टोबताना हातमोजे घाला. आणि त्रास झाला तर बाटली किंवा तिचा कागद घेऊन दवाखान्यात जा, घरचा अर्क असेल तर त्यात तंबाखू होती हे तोंडानं सांगा. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांवर उतारा आहे. निओनिकोटिनॉइडवर खास उतारा नाही, लक्षणं सांभाळत शरीराला वेळ द्यावा लागतो. डॉक्टरांना नाव कळलं नाही तर ते अंदाजानं काम करतात.

बिडी सोडली. आनंद आहे, पण तेव्हापासून नेहमीच्याच चहानं छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. दम्याची गोळी चालू आहे.
— सेवानिवृत्त, धुळे

नाना, बिडी सोडलीत ते उत्तम केलंत, आता चहा निम्मा करा. धुरातली डांबरी द्रव्यं यकृतातल्या सीवायपी-1ए2 या विकराला चिथावत असतात आणि चहातलं कॅफिन हेच विकर मोडतं. बिडी बंद झाली की आठवडाभरात विकर मूळ वेगावर येतं आणि तेवढाच चहा रक्तात दुपटीच्या घरात जातो. यात निकोटिनचा हात नाही, धुराचा आहे. तंबाखू खाणाऱ्यांना हा अनुभव येत नाही. तुमची दम्याची गोळी थिओफायलिनची असेल तर तिचंही असंच होतं आणि ते चहापेक्षा गंभीर आहे. बिडी सोडल्याचं डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा, ते मात्रा बघतील.

आमच्या ह्यांनी तंबाखू सोडून दोन आठवडे झाले. तुम्ही एका व्याख्यानात म्हणालात निकोटिन एका दिवसात जातं. मग अजून चिडचिड का करतात?
— नंदुरबार

निकोटिन गेलं, कोटिनिनही गेलं. पण वर चोपड्याच्या दादांना सांगितलेले ग्राहक निकोटिननं मेंदूत वाढवून ठेवलेत, ते अजून जागेवर आहेत. वर्षानुवर्षं निकोटिन मिळत राहिलं की मेंदू त्या ग्राहकांची संख्या वाढवतो, आणि ती पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. चिडचिडीचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांत जास्त असतो, तो तुम्ही पार केलात. आणखी दोन-तीन आठवडे त्यांच्याशी जमिनीच्या वाटणीसारखे विषय काढू नका.

फारच असह्य झालं तर निकोटिनचा 2 मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. तो सारखा चघळायचा नसतो. चार-सहा वेळा चावून गालाशी धरायचा, चुणचुण गेली की पुन्हा. गमच्या पंधरा मिनिटं आधीपासून चहा, लिंबू सरबत, शीतपेय नको. तोंड आम्ल झालं की निकोटिन अडकतं आणि ह्यांना वाटतं गम कुचकामी आहे. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो, मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मात्र निकोटिनच्या मागून जात नाही. तंबाखू मुरवताना, वाळवताना तिच्यात नायट्रोसमाइन्स तयार होतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन माणसात कर्करोग घडवणारी म्हणून पक्की ठरलेली आहेत. एनएनकेपासून शरीरात तयार होणारं एनएनएएल निम्मं व्हायलाच दहा ते अठरा दिवस लागतात, म्हणजे ते अजून ह्यांच्या लघवीत आहे आणि आणखी काही आठवडे राहील. ते वेगानं काढायचा कुठलाही काढा नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. नुकसान आधीच झालं असेल का, ते बघायला मात्र उजेडात तोंड उघडायला सांगा. तीन बोटं उभी सहज जायला हवीत. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखटानं होणारी आग, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या. गोळी ज्या बाजूला धरायचे, ती बाजू आधी बघायला सांगा.